माझे गावठी दुकान

दिवसातून निदान तीस वेळा मला एकच प्रश्न विचारला जातो. रस्त्यावर गाडी थांबते, खिडकीची काच खाली होते, काळ्या चष्म्याचा एक चेहरा बाहेर डोकावतो आणि फळीवर ओळीने मांडलेल्या टोपल्यांकडे बोट दाखवून विचारतो, "हे गावठीच ना?"

मी "हो" म्हणतो. एवढे एक अक्षर उच्चारायला काय लागते? पण हे "हो" एकदा माझ्या घशात असे काही अडकले, की तेव्हापासून ते म्हणण्यापूर्वी मी नकळत त्या टोपलीकडे एकदा पाहून घेतो. ती हकीकत सांगायची आहे. पण ती समजायची तर आधी माझे दुकान आणि त्या दुकानाचे बारा महिने वाचकांना ठाऊक असायला हवेत. तेव्हा थोडा धीर धरावा.

आमचे गाव कट्टा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कट्टा म्हटले की गप्पांचा अड्डा आठवतो. आमचा कट्टा म्हणजे मालवण तालुक्यातली एक छोटीशी बाजारपेठ. मुंबई-गोवा महामार्गावर कसालला उतरून मालवणकडे निघालात की वाटेत लागते. बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण इथेच आहे आणि वराडकर हायस्कूलही इथलेच. पेंडूर, वराड अशा आजूबाजूच्या गावांतली माणसे औषधापासून खिळ्यांपर्यंत सगळ्यासाठी इथे येतात. म्हणजे गप्पांचा कट्टा इथेही आहेच म्हणा, एस. टी. चुकली की तो आपोआप भरतो!

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपाने त्यांना जे घरी पाठवले ते कायमचे. मी मात्र मोठा झाल्यावर पुन्हा तीच वाट धरली आणि लालबागच्या एका किराणा दुकानात एकोणीस वर्षे काढली. प्रथम गोणी उचलल्या, मग पुड्या बांधल्या, शेवटी गल्ल्यावर बसलो. २०११ साली आईच्या आजारपणासाठी गावी आलो तो परत गेलो नाही. दुकानदारीखेरीज दुसरे काहीच येत नव्हते. तेव्हा घराच्या रस्त्याकडच्या पडवीला फळ्या ठोकल्या, एक तराजू आणला आणि बसलो. विकायचे काय, एवढेच ठरायचे होते.

ते ठरले बाजाराच्या दिवशी. एका बाजूला बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून आलेल्या भाजीचे ढीग. कोबी, फ्लॉवर, डोंगराएवढे टोमॅटो. आणि दुसऱ्या बाजूला, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसलेल्या आमच्या बायका. एकीपुढे लाल माठाच्या चार जुड्या, दुसरीपुढे दोन तवशी आणि पसाभर तिरफळे, तिसरीपुढे शेरभर कुळीथ. पहाटे चार मैल चालून आलेल्या. सकाळी भाव सांगायच्या तो ताठ. पण दुपारच्या गाडीची वेळ जवळ आली की तो उतरू लागायचा. शेवटच्या घटकेला एखादा व्यापारी शांतपणे यायचा आणि उरलेसुरले सगळे निम्म्या भावात उचलून न्यायचा. त्यालाही दोष कशाला द्या? त्याला बाईची गाडी किती वाजता सुटते हे माहीत होते, एवढेच त्याचे भांडवल.

माझ्या मनात आले, ह्या बायकांचा माल मी सकाळीच का घेऊ नये? मला गाडी पकडायची नाही. मी संध्याकाळपर्यंत बसेन, उद्याही बसेन.

इतकी साधी कल्पना. पण तिचे गणित जमायला मला चार वर्षे लागली.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे रोख द्यावे लागतात. मुंबईच्या दुकानात घाऊक व्यापारी महिना-दीड महिना उधारीवर माल टाकून जात. दुकान चालते ते दुसऱ्याच्या पैशावर, हे तिथले पहिले सूत्र. इथे उलटे. जी बाई दोन पायल्या तांदूळ डोक्यावरून घेऊन येते, तिला त्याच पैशात साखर, चहा आणि नातवाचे औषध न्यायचे असते. "पुढच्या आठवड्यात ये" म्हटले की ती पुढच्या आठवड्यात येते खरी, पण तुमच्याकडे नव्हे. म्हणजे घेताना रोख, आणि विकताना? विकताना शेजारी-पाजारी, मास्तर, पोस्टमन, सगळ्यांची वही! दोन्ही बाजूंनी कात्री. त्यातून रुपयामागे मला पंधरा-वीस पैसे सुटतात, तेही माल खराब झाला नाही तर.

आणि माल खराब होतो. कोकणातला पाऊस पुस्तकात वाचणाऱ्याला रम्य वाटतो. तो एकदा धान्याच्या दुकानात बसून अनुभवावा. जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर, फळ्यांना बुरशी आणि कडधान्याला भुंगा. पहिल्या वर्षी माझी सबंध गोणभर चवळी पोखरून गेली. पुढे बायकांनीच शिकवले. कुळथाला राख चोळून ठेवायची, तांदळात बिब्बे घालायचे, आणि दसऱ्यानंतर ऊन पडले रे पडले की सगळे खळ्यात पसरायचे. उन्हाला आमच्याकडे मोजतात. "चार उन्हे दिली" म्हणजे माल चार दिवस वाळला. दशमान वजने सक्तीची होऊन साठाहून अधिक वर्षे झाली, पण माझ्याकडे येणारे निम्मे धान्य अजून पायलीने आणि शेराने मोजलेले असते. मी ते किलोत विकतो. चार शेरांची पायली आणि हजार ग्रॅमचा किलो यांची सोयरीक जुळवताना माझा प्रत्येक दिवस मावळतो.

माझ्या दुकानाचे वर्ष सुरू होते ते चैत्र-वैशाखात. ओले काजूगर येतात, बोटांची साल निघेपर्यंत बायका ते सोलतात, आणि गिऱ्हाईक म्हणते, "एवढे महाग?" मग आंबे, फणस, आणि त्यांच्या पाठोपाठ रातांबे, म्हणजे कोकमाची फळे. कोकमाइतके कष्टाळू फळ दुसरे नसेल. फळ फोडायचे, आतला गर आणि बिया काढायच्या, साल उन्हात टाकायची. ती वाळत आली की मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असे बरेच वेळा केले म्हणजे ते काळेभोर लवचीक आमसूल होते, ज्याला आमच्या बायका सोलां म्हणतात. खारवलेला रस म्हणजे आगळ, त्याची सोलकढी. बियांतून निघते ते मुठेल, भेगाळलेल्या टाचांचे औषध. टाकायचे असे काहीच नाही. पण हे सगळे मे महिना संपायच्या आत व्हायला हवे. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात उतरला, आणि त्याच्याही आधी चार-पाच दिवस अवकाळी पडत होताच. रातांबे झाडाखाली कुजले. अर्धी वाळलेली साले लोकांनी चुलीवरच्या उतवीवर टाकली, ती धुरकट झाली. त्या वर्षी माझ्याकडे नेहमीच्या तिसरा हिस्सासुद्धा सोले आली नाहीत.

पावसाळ्यात दुकान हिरवे होते. टायकळा, फोडशी, शेवग्याचा पाला, आणि काटेरी फागले, ज्याला देशावर कर्टोली म्हणतात. ह्या भाज्या कोणी पेरत नाही. पहिला पाऊस पडला की त्या येतात, आठ-पंधरा दिवस राहतात आणि जून होतात. शहरातून आलेला पाहुणा ऑक्टोबरात टायकळा मागतो तेव्हा काय सांगावे कळत नाही. श्रावणात तवशी आणि पडवळ. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात आणि पाच दिवसांत माझी निम्मी फडताळे रिकामी करून जातात. आमची वर्षाची खरी कमाई ती. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ आणि आगळाची बाटली. मुंबईला फ्लॅटमध्ये बसून पेज प्यायची असते ना! उकडा तांदूळ म्हणजे भात आधी भिजवून, उकडून, वाळवून मग भरडलेला. जाड, लालसर; रोजच्या जेवणाचा नि पेजेचा. न उकडलेला तो सुरय. हा भेद आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतो.

थंडीत वाल, चवळी, कुळीथ, नाचणी, आणि कणगी, करांदे, सुरण असली कंदमुळे. भाजी येते ती काळसे-धामापूरकडची. तिथे तळ्याचे पाणी आहे. १५३० साली बांधलेला तो धामापूरचा तलाव अजून शेतीला पाणी देतो. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. पण तिथला लाल माठ विकताना ही थोरवी सांगायची सोय नाही. जुडी वाळते!

आता "गावठी" ह्या शब्दाविषयी. मुंबईला मी हा शब्द शिवीसारखा ऐकला होता. "अगदीच गावठी आहेस" म्हणजे अडाणी. तोच शब्द आज पाटीवर लिहिला की किलोमागे वीस रुपये जास्त मिळतात. शब्दांचेही दिवस पालटतात. बरे, गावठी म्हणायचे तरी कशाला? काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. मिरची अमेरिकेची. नाचणी आणि चवळी आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आलेल्या. माझ्या फळीवर अस्सल सह्याद्रीचे म्हणावे असे कोकम आणि आणखी दोन-चार जिन्नस. आणि तरीही वेंगुर्ल्याच्या काजूला नि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. कारण प्रश्न बियाणे कुठून आले हा नाहीच. कोणाच्या मातीत, कोणाच्या हातून झाले हा आहे. मानांकनाचा कागद आल्यावर परप्रांतातला आंबा देवगडच्या पेटीत भरणारे थांबले का, हे मात्र मला विचारू नये. मी दुकानदार आहे. पेटी आणि पोटातला माल यांच्या नात्याविषयी मला थोडे जास्त कळते.

कसे कळते, तेच आता सांगतो.

दिवाळीच्या पहिल्या दिवसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, आमच्याकडे चावदिवस म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडायचे, आणि मग फोव. फोव म्हणजे पोहे. तुमच्या लाडू-चकल्या नंतर. चावदिवसाला घरोघर पोह्यांचे पाच-सहा प्रकार होतात. गुळखोबऱ्याचे गोडे, दुधातले, ताकातले, तिखट. शेजारी एकमेकांकडे जाऊन ते खातात. आणि पोहे हवेत ते नव्या भाताचे. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापून, झोडून, भिजवून, भाजून गरमागरमच कांडायचे. पूर्वी घरच्या व्हायनात मुसळाने कांडत. आता बहुतेक गिरणीत नेतात. पण नवे भात हवे ते हवेच. नव्या धान्याचा पहिला घास आहे तो.

ह्या लाल गावठी पोह्यांवर माझ्या दुकानाचे नाव झाले होते. दसऱ्यापासून मुंबईहून फोन सुरू होत, "दहा किलो ठेव रे." मला भात देणाऱ्या आठ-दहा बायका होत्या आणि त्यांची म्होरकी म्हणावी अशी पेंडूरकडची एक काकी. वय सत्तरीच्या घरात, कमरेत किंचित वाकलेली, पण शब्दाला सरळ. तिच्या मालात खडा नाही आणि मापात खोट नाही. बाकीच्या बायका आधी तिच्याकडे पाहत आणि मग माझ्याकडे माल घालत.

२०१९ साल. त्या वर्षी पाऊस परतायलाच तयार नव्हता. ऑक्टोबर सरत आला, भात पिवळे होऊन उभे, काही कापून शेतात पसरलेले, आणि २४ तारखेपासून समुद्रात वादळ. 'क्यार' हे त्याचे नाव, ब्रह्मदेशाने ठेवलेले. वादळ किनाऱ्यापासून दूर होते, पण मालवणच्या किनारपट्टीवर लाटा घुसल्या आणि आमच्याकडे तीन दिवस आभाळ फाटले. कापलेले भात पाण्यात तरंगले. उभे होते ते आडवे झाले आणि पडल्या जागी त्याला कोंब आले. रविवारी, २७ ला, चावदिवस.

माझ्याकडे गेल्या वर्षीच्या जुन्या भाताचे पाच-सात किलो पोहे होते आणि आगाऊ मागणी पन्नास किलोंची. लोक मुंबईहून रातोरात निघालेले. शुक्रवारी दुपारी घाटावरचा एक ओळखीचा व्यापारी आपला टेम्पो घेऊन आला. लाल पोहे होते त्याच्याकडे. स्वच्छ, एकसारखे, दिसायला आमच्यापेक्षा देखणे. भाव माझ्या खरेदीच्या दोन-तृतीयांश. तो म्हणाला, "कुणाला कळतंय?"

मी स्वतःशी काय काय बोललो ते आठवते. लोक इतक्या लांबून येतात, त्यांचा सण बिनपोह्यांचा कसा जाऊ द्यायचा? पोहे चांगलेच आहेत. लालच आहेत. कोणाच्या पोटात विष तर जात नाही. आपण काही खोटे बोलायचे नाही. नुसती टोपली भरून ठेवायची. अप्रामाणिकपणाला लागणारे सगळे साहित्य माणूस आपल्या सद्गुणांतूनच जमवतो! टोपलीत खोचलेला पुठ्ठा मात्र मी काढला नाही. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, "गावठी नवे पोहे."

शनिवारी दुपारपर्यंत चाळीस किलो संपले. एकालाही शंका आली नाही. एका गृहस्थांनी तर मूठभर तोंडात टाकून डोळे मिटले आणि म्हणाले, "हाच तो वास!"

संध्याकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा काकी आली. माल घेऊन नव्हे. आठवड्यापूर्वी तिने ठेवलेल्या कुळथाचे थोडे पैसे राहिले होते ते न्यायला. तिने डोक्यावरची इरली काढून ठेवली, पदराने तोंड पुसले आणि टोपलीकडे पाहिले.

"हे फोव खंयचे रे, झिला?"

"आपल्याच हयसरचे, काकी."

ती पुढे आली. चिमूटभर उचलून तळहातावर पसरले. तोंडात टाकलेसुद्धा नाहीत. मला वाटले होते ती वासावरून ओळखील, रंगावरून ओळखील, काहीतरी जुनी खूण सांगेल. तसले काही नव्हते. तिचा हिशेब फार साधा होता.

"सगळ्यांचा भात पाण्यात आडवा झाला. माझा झाला, वरच्या वाडीचा झाला. मगे तुझ्या दुकानात नवे फोव खंयसून इले?"

मी गप्प. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "भाताक तोंड नाय, म्हणान तू तेका खंयचोय गाव लावतलस काय?"

मग तिने तळहातावरचे पोहे जपून टोपलीत परत टाकले (अन्न होते ते, झटकले नाही) आणि म्हणाली, "माझे कुळीथ दी परत."

कुळीथ बरणीत होते. मी ते मोजून तिच्या पिशवीत घातले. घेतलेल्या पैशांतले उरलेले तिने फळीवर ठेवले, इरली डोक्यावर घेतली आणि ती गेली.

त्या चावदिवसाला आमच्या घरी पोहे झाले, पण ते माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

ज्यांची नावे वहीत होती त्यांना मी फोन केले. खरे काय ते सांगितले, फरकाचे पैसे परत देऊ केले. अकरा जणांनी घेतले. काहींनी रागाने दोन शब्द सुनावले. ते मला बरे वाटले. सगळ्यांत वाईट वाटले ते डोळे मिटणाऱ्या गृहस्थांच्या उत्तराने. ते हसून म्हणाले, "अहो, जाऊ द्या. आम्हांला कुठे कळले होते? छान होते पोहे." म्हणजे मी ज्यांच्यासाठी इतकी वर्षे दुकान मांडून बसलो होतो, त्यांना फरक कळत नव्हता, आणि कळल्यावर त्याचे काही वाटतही नव्हते. फरक ठाऊक होता तो ज्यांनी पेरले, कापले, वाळवले त्यांना. मी समजत होतो की माझी परीक्षा गिऱ्हाईक घेते. परीक्षक वेगळाच होता आणि तो गल्ल्याच्या ह्या बाजूने येत होता, डोक्यावर टोपली घेऊन.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पेंडूरकडून कोणी येईना. रस्त्यावरून बायका जात, "बरा मां?" म्हणून विचारीत, पण टोपली माझ्या फळीवर टेकत नसे. वाल, चवळीच्या दिवसांत माझी फडताळे निम्मी रिकामी. गिऱ्हाइके येत होती. त्यांना काय, बाहेरचा माल भरला असता तरी ती आलीच असती. घाटावरचा टेम्पोही दर आठवड्याला थांबून विचारी. मी नाही म्हणत होतो, पण त्यात आता कसलेही शौर्य नव्हते. उशिरा आलेले शहाणपण ते.

त्या दिवसांत मी एक पाटी केली. मुलाची जुनी दगडी पाटी, दाराला टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर लिहू लागलो : "आज दुकानात नाही." आणि खाली नावे. चवळी नाही. उकडा तांदूळ नाही. गावठी अंडी नाहीत. लोक हसले. दुकानात काय आहे ते लिहायचे की काय नाही ते? एक शिक्षक म्हणाले, तुमचे दुकान म्हणजे अभावाचे प्रदर्शन. पण मला त्या पाटीचा आधार वाटे. शिवाय जे असेल त्या प्रत्येक टोपलीत गावाचे आणि वाडीचे नाव लिहून खोचू लागलो. पुढे मुंबईच्या माझ्या भाच्याने सांगितले, की जपानात रस्त्याकडेला सरकारमान्य थांबे आहेत, 'मिची नो एकी', १९९३ पासूनचे. तिथे शेतकऱ्यांची भाजी विकायला असते आणि जुडीवर पिकवणाऱ्याचे नाव असते. मला बरे वाटले. आपली अक्कल अगदीच गावठी नव्हती!

आणि मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. घाटावरच्या भाजीच्या गाड्या पहिले काही दिवस दिसेनात. बाजार बंद. बायकांच्या परसात भाजी जून होऊ लागली आणि लोकांच्या घरात खायला नाही. तेव्हा एका सकाळी, तोंडाला पदर बांधलेली काकी दुकानासमोर येऊन उभी राहिली. आत आली नाही. दाराजवळची पाटी तिने नातवाकडून वाचून घेतली. तो वाचत होता, "कुळीथ नाही. नाचणी नाही. लाल माठ नाही…" पूर्ण यादी संपेपर्यंत तिने ऐकले. मग पिशवी फळीवर ठेवली.

"हे घी. चार उना दिलंय तेंका."

कुळीथ होते. तेच की दुसरे, मी विचारले नाही. मी मोजले, पैसे दिले. तिने ते मोजून घेतले. पूर्वी ती मोजत नसे. दोन वर्षे ती माझ्यासमोर पैसे मोजून घेत होती. तिसऱ्या वर्षी केव्हातरी ते थांबले.

दुकान आज चालू आहे. भरभराटीला आले असे म्हणवत नाही. १९९७ मध्ये आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, गाड्या वाढल्या, गिऱ्हाईक वाढले. वाढत नाही तो माल. माकडे आणि रानडुक्कर शेतात काही ठेवत नाहीत. मळे पडीक राहतात, कारण कमरेइतक्या चिखलात उभे राहायला घरात कोणी तरुण नाही. माझा मुलगाही पुण्याला आहे आणि मी त्याला ये म्हणालेलो नाही. मला भात घालणाऱ्या बायकांत पन्नाशीच्या आतली एकच. अन्नसुरक्षेचा कायदा आला. त्याची नोंदणी मी केली, तो कागद चौकटीत लावला. पण दहा वर्षांनी त्या चौकटीखाली ठेवायला काय असेल, ह्याचा विचार रात्री फळ्या लावताना येतो. मी भाव वाढवून देतो. बियाण्याला आगाऊ पैसे देतो. दोघींनी त्यामुळे सोडलेला कुणगा पुन्हा लावला. दोघींनी! ह्याला कोणी चळवळ म्हणणार नाही.

गेल्या वर्षी काकीने भात लावले नाही. आषाढात पाय घसरून पडली, खुबा दुखावला. मळा तसाच राहिला, त्यात तण माजले. बाकीच्या बायकांचे मिळून वीस किलो पोहे झाले, ते आगाऊ मागणीवाल्यांत दसऱ्यानंतर चार दिवसांत संपले. चावदिवसाच्या आदल्या दिवशी पाटीवर पहिलीच ओळ होती, "फोव नाहीत." गाड्या थांबत होत्या, लोक वाचत होते, काही चिडून पुढे जात होते. एक बाई म्हणाल्या, पुढच्या चौकात मिळतायत की गावठी, ढिगाने! मी म्हटले, मिळत असतील.

रात्री फळ्या लावत होतो, तेवढ्यात काकीचा नातू सायकलवरून आला. आता तो कॉलेजात आहे. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली एक छोटी पुरचुंडी. दीड शेर असेल नसेल. परड्यात विहिरीच्या कडेला तिने बसल्याबसल्या मूठभर भात टाकले होते म्हणे, आणि सुनेकडून व्हायनात कांडून घेतले होते.

मी सवयीने तराजूकडे वळलो. तो म्हणाला, "मापू नको. आजयेन धाडल्यान ते विकूक नाय. घरात करूक."

मी पुरचुंडी आत नेऊन दिली. मग बाहेर येऊन पाटीकडे पाहिले. "फोव नाहीत" ही ओळ होती तशीच राहू दिली आणि शेवटची फळी लावली.